आईवेगळ्या भावंडांची आई

आपल्या शिरपूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहणारी तापीमाई एका बहिणीचे अखेरचे ठिकाण पाहून आपल्याकडे येते. ती बहीण म्हणजे आदिशक्ती मुक्ताई. संत म्हणून तिला आपण नित्य नमस्कार करतो; आज चौघा भावंडांतली धाकटी म्हणून तिच्याकडे पाहू या.

शके १२०१, म्हणजे इ. स. १२७९, हे तिचे जन्मवर्ष मानतात. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा प्रपंचात आले, म्हणून आळंदीकरांनी सारे घर वाळीत टाकले. लेकरांना तरी लोक जवळ करतील या आशेने आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. तरी समाजाचे मन द्रवले नाही. पोरकी लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट चालू लागली. भातुकलीच्या वयात मुक्ताईच्या वाट्याला भिक्षेची झोळी आणि लोकांचे टोमणे आले.

असल्या बालपणाने माणूस कडू होतो. इथे माया वाढली. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. खापराशिवाय मांडे होत नाहीत, हे खानदेशातल्या बायांना सांगायला नको! पण विसोबाने कुंभाराला खापर देऊ दिले नाही. मुक्ताई रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ पुढे केली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो.

पुढे लोकनिंदेने खुद्द ज्ञानदेवच विटले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बाहेर उभी राहिली. जगाचा राग आपणच धरला तर जगाने कोणाकडे पाहावे, अशा अर्थाने तिने भावाला समजावले. तेच ताटीचे अभंग. त्या दिवशी धाकटी बहीण थोरल्या भावाची आई झाली.

शके १२१८च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, पुढच्याच महिन्यात सोपानदेवांनी सासवडला. मग मुक्ताईचे मन देहात रमेना. निवृत्तिनाथांबरोबर ती तापीतीरी मेहूणला आली. शके १२१९च्या वैशाखात वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असे परंपरा सांगते. महिन्याभरात निवृत्तिनाथांनीही त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली.

मुक्ताईची पालखी आजही आपल्या खानदेशातून आषाढीला पंढरीस जाते. दोन बहिणींत, भावाबहिणींत अबोला असेल, तर पालखीला हात जोडताना एवढेच आठवावे : थोरले-धाकटे न पाहता ताटीपाशी आधी आपण जावे.

राम कृष्ण हरी.