समुद्र घरात आणणारा माणूस : फिलिप हेन्री गॉस

होस्टेलच्या खोलीत फिशटँक ठेवायला परवानगी नसते, तरी दर विंगमध्ये एखादा तरी पठ्ठ्या जॅमच्या बाटलीत दोन-चार गप्पी पाळून असतोच. पंधरा दिवसांत त्यातला एक उलटा तरंगतो आणि मग पाणी कोणी बदलायचं होतं यावरून रूम पार्टनरशी भांडण. या छंदाचं पार वरचं टोक म्हणजे घरातला रीफ टँक. हजार-पाचशे लिटर खारं पाणी, त्यात जिवंत प्रवाळ, रंगीत मासे आणि खाली कपाटात पंपांची घरघर. (हजार लिटर म्हणजे एक टन वजन, तेव्हा स्लॅबचं काय ते सिव्हिलवाल्यांना आधी विचारून घ्यावं!) हे वेड आलं कुठून, असं शोधत मागे मागे गेलं की आपण एका कडक, देवभोळ्या आणि विलक्षण कष्टाळू इंग्रज माणसापाशी येऊन थांबतो. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. पाण्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या काचेच्या पेटीला ‘अ‍ॅक्वेरियम’ हे नाव रूढ केलं ते त्यानेच.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टर गावी. बालपण मात्र पूल या बंदरात गेलं. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं रंगवायचे. त्या धंद्यात पैसा नव्हता, त्यामुळे घरात कायम ओढाताण. पण बारीक ब्रशाने अचूक रंगवण्याचा हात मुलाने उचलला आणि पुढे आयुष्यभर त्याला तो पुरला. समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटून बसणारे ते फुलासारखे प्राणी, खाऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून बघ, असं त्याला लहानपणी सुचवलं त्याच्या आत्याने. आत्याचं हे बोलणं पोराच्या डोक्यात पक्कं बसलं असणार.

सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, त्याला पोटासाठी न्यूफाउंडलंडला जावं लागलं. कार्बोनियर नावाच्या बंदरात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी. आपल्या वयाला हा मुलगा जमाखर्च लिहीत होता आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करत होता. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं, आपण आता निसर्गशास्त्रज्ञ व्हायचं असं ठरवलं, आणि स्वतःलाच शिकवायला सुरुवात केली. १८३५ मध्ये कॅनडात शेती केली, ती तीन वर्षांत बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवायची नोकरी धरली, पण तिथली गुलामगिरी डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचं मन तिथे रमेना. वर्षभरात तो इंग्लंडला परतला. खिसा रिकामा, ट्रंकेत वह्या आणि चित्रं. त्या वह्यांतूनच १८४० मध्ये कॅनडाच्या निसर्गावरचं त्याचं पहिलं पुस्तक निघालं. पुढे जमैकात दीड-दोन वर्षं राहून त्याने तिथल्या पक्ष्यांवर लिहिलं. १८४८ मध्ये एमिली बोव्स या लेखिकेशी लग्न झालं, १८४९ मध्ये मुलगा एडमंड. आणि मग रात्रंदिवस लिखाण आणि सूक्ष्मदर्शक. इतकं, की डोकेदुखीने तो आडवाच पडला. हवापालट म्हणून १८५२ च्या सुरुवातीला हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर आलं.

इथे खरी गोष्ट सुरू होते.

समुद्रातले जीव घरी जिवंत ठेवायचा प्रयत्न करणारा गॉस हा पहिला नव्हे. अ‍ॅना थिन नावाच्या लंडनच्या बाईंनी १८४६ मध्येच टॉर्कीहून प्रवाळ आणून घरात ठेवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. म्हणजे जगातला पहिला एअर पंप हाडामांसाचा होता! (त्या बिचारीचं नाव कोणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.) रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासा, पाणवनस्पती आणि गोगलगाय यांचं गणित मांडलं : प्राण्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते, ती ऑक्सिजन देते, कुजलेली पानं गोगलगाय खाते. हा तोल गॉसने समुद्राच्या पाण्यात साधला, आणि तो कसा साधायचा हे कोणालाही कळेल अशा भाषेत लिहिलं. थिनबाईंचं श्रेयही त्याने लपवलं नाही. त्यांची प्रवाळावरची निरीक्षणं १८५९ मध्ये त्याच्याच टिपांसह छापून आली.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यासाठी वेमथच्या समुद्रातून जाळी ओढून प्राणी पुरवायचं काम गॉसने केलं. पण किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याचं काय? दर वेळी पिंपातून समुद्र कुठून मागवायचा? गॉसने इंग्लिश खाडीच्या पाण्याचं तेव्हा उपलब्ध असलेलं पृथक्करण समोर ठेवलं आणि १८५४ मध्ये समुद्र चक्क वजनकाट्यावर मोजून बनवला. साडेतीन औंस मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड, ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड आणि चार क्वार्टला थोडं कमी पाणी. आजच्या मापात साधारण शंभर ग्रॅम, सात ग्रॅम, तेरा ग्रॅम, अडीच ग्रॅम आणि साडेचार लिटर. कॅल्शियमचा क्षार त्याने गाळला, कारण तो धड विरघळत नाही आणि प्रमाणही कमी. आजचा रीफ टँकवाला हे वाचून कपाळाला हात लावेल, कारण प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियमचाच असतो आणि लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम टिकवायला त्याला सारखं टेस्ट किट घेऊन बसावं लागतं. लंडनचं पाणी मुळात जड, त्यात चुना असतोच. गॉसच्या कृतीला त्याचा हातभार लागला असावा.

मला मात्र सगळ्यात आवडते ती त्याची पुढची पायरी. पाणी तयार झालं, पण त्याने लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी किनाऱ्यावरचे गोटे आणि हिरवं शेवाळ टाकलं आणि आठवडाभर नुसतं थांबला. शेवाळाचे बीजाणू पाण्यात पसरावेत ही त्याची कल्पना. खरं कारण आणखी एक होतं, ते त्याला कळणं शक्यच नव्हतं. दगडांवरचे जीवाणू विषारी अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि टँकमध्ये त्यांची वस्ती जमायला वेळ लागतो. ते जीवाणू विनोग्राडस्कीने वेगळे काढून दाखवले १८९० मध्ये, म्हणजे गॉस गेल्यावर दोन वर्षांनी. आजही नवा रीफ टँक लावताना दगड-वाळू घालून काही आठवडे रिकामा चालवतात. ज्याला घाई, त्याचे मासे मेले! थिअरी चुकीची, प्रॅक्टिकल बरोबर. आपल्या लॅबमध्ये बहुधा उलटं असतं.

१८५४ मध्ये त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं. रंगीत चित्रं त्याच्याच हातची. पुस्तकाने त्याला नऊशे पौंडांहून अधिक मिळवून दिले आणि इंग्लंडभर एक लाट उसळली. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचलेली. दिवाणखान्यात काचेचा टँक नसेल तर लोकांना कमीपणा वाटू लागला. गॉस स्वतः किनाऱ्यावर हौशी मंडळींचे वर्ग घेई. पुढारलेल्या घरच्या बायका घोळदार झगे सावरत ओल्या खडकांवरून त्याच्यामागे चालत. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने, एकही पदवी नसलेल्या या माणसाला, फेलो म्हणून निवडलं.

आणि लगेच १८५७ हे वर्ष आलं. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फालोस’ लिहिलं. पृथ्वी देवाने निर्माण केली तीच मुळी जुनी दिसेल अशी, जीवाश्मांसकट, असा त्यातला दावा. बायबल आणि भूगर्भशास्त्र यांचं भांडण मिटवायचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, पण तो ना शास्त्रज्ञांना पटला ना धर्मवाल्यांना. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तो टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला आणि पुन्हा पाण्यात उतरला. ब्रिटनच्या समुद्रफुलांवर आणि प्रवाळांवर त्याने १८५८ ते १८६० या काळात जो ग्रंथ पुरा केला, तो त्याचं सगळ्यात भक्कम काम.

खडकावर पोटावर झोपून डबक्यात डोकावणारा बाप आणि शेजारी मुलगा, हे दृश्य एडमंडच्या कायम लक्षात राहिलं. पण ती डबकी आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. ज्याने त्याने गॉसचं पुस्तक वाचलं होतं, ज्याच्या त्याच्या हातात छिन्नी आणि बरणी. जे खडक समुद्रफुलांनी लगडलेले होते ते काही वर्षांत उघडे पडले. आणलेल्यापैकी बहुतेक जीव घरच्या टँकमध्ये मरत, की लोक पुन्हा आणायला हजर. आपल्या पुस्तकांनी ही फौज किनाऱ्यावर आणली हे गॉसला कळत होतं आणि ते त्याला सलत होतं. (आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलं गेलं. टँकसाठी तिथून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, हे छंदवाल्यांनी ध्यानात ठेवावं.)

१८६० मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. नंतर ऑर्किड, मग रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, आणि म्हातारपणी दुर्बीण. हिवाळ्याच्या रात्री तारे बघत बसल्याने छातीत सर्दी भरली, त्यातून तो पुरता उठला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो गेला. एडमंडने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ लिहिलं, त्यात बापाच्या कडक धर्माविषयी राग पुष्कळ आहे, पण त्या लुटलेल्या डबक्यांविषयी लिहिताना तो बापाच्या बाजूने उभा आहे.

इल्फ्राकूमच्या खडकांत गॉसला शेंदरी-सोनेरी रंगाचा एक बोटाच्या पेराएवढा प्रवाळ सापडला होता. तो तिथल्या किनाऱ्यावर अजून आढळतो. बॅलॅनोफिलिया रेजिया हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्यापुढे नियमाप्रमाणे लिहितात : गॉस, १८५३.