नाडीचे कोडे उलगडणारे वैद्य : विल्यम हार्वे

आजारी माणसाच्या उशाशी बसलेला डॉक्टर आधी त्याचे मनगट हाती घेतो. अंगठ्याच्या मुळाशी बोटांना जाणवणारा ठोका हृदयाने ढकललेल्या रक्ताचा असतो, हे आज आपल्या शाळेतील आठवीचा विद्यार्थीही सांगेल. चारशे वर्षांपूर्वी मात्र युरोपातील थोर पंडितांनाही हे ठाऊक नव्हते. ज्यांनी हे कोडे सोडवले, त्या विल्यम हार्वे यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी १ एप्रिल १५७८ रोजी हार्वे यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वडील जमीनजुमला आणि व्यापार सांभाळून असत; पुढे ते गावचे महापौरही झाले. भावांपैकी बहुतेकांनी व्यापाराची वाट धरली. विल्यम मात्र दहाव्या वर्षी कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये दाखल झाले. तेथून १५९३ साली केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात गेले, तेही वैद्यकाच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेल्या एका शिष्यवृत्तीच्या आधारावर. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना या तपशिलाचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्या काळी वैद्यक शिकावे तर इटलीतील पादुआ येथे, अशी ख्याती होती. हार्वे तेथे गेले आणि १६०२ साली पदवी घेऊन परतले. त्यांचे गुरू फाब्रिशियस यांनी नीलांच्या, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांच्या, आतल्या बाजूस लहान लहान झडपा असल्याचे दाखवले होते. रक्त एकदम खाली उतरून हातापायांत साचू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले असावेत, असा गुरूंचा समज होता. झडपा खऱ्या होत्या. त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा होता. शिष्याच्या मनात येथेच शंकेचे बीज पडले असावे.

त्या वेळची सर्वमान्य समजूत सांगितल्याशिवाय हार्वे यांच्या कार्याची थोरवी कळणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलेन या ग्रीक वैद्याचा शब्द चौदाशे वर्षे प्रमाण मानला जात होता. त्याच्या मते खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांवाटे शरीरभर पसरते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे अवयवांत जिरून जाते. काही रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही तो मानी. ही छिद्रे कोणीच पाहिली नव्हती. तेराव्या शतकात इब्न अन-नफीस या अरब वैद्याने ती नाकारली होती आणि रक्त फुफ्फुसांवाटेच डावीकडे जाते असे लिहून ठेवले होते. पण युरोपला त्याची वार्ता नव्हती.

लंडनला परतल्यावर हार्वे १६०९ मध्ये गोरगरिबांसाठी चालणाऱ्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाचे वैद्य झाले. पुढे ते वैद्यांच्या महाविद्यालयात शरीररचनेवर व्याख्यानेही देऊ लागले. घरी मात्र त्यांचे निरीक्षण अखंड चालू असे. बेडूक, साप, मासे यांची हृदये सावकाश चालतात, म्हणून त्यांची गती डोळ्यांना टिपता येते. मरणाऱ्या प्राण्याचे हृदयही मंदावते. हृदय आकसते तेव्हाच ते काम करते, त्याच क्षणी रोहिण्या फुगतात आणि नाडी लागते, हे त्यांनी अशा रीतीने पाहिले. ही निरीक्षणे जिवंत प्राण्यांना चिरून केलेली होती आणि भूल देण्याची विद्या तेव्हा अस्तित्वात नव्हती. प्रस्तुत लेखकाला हा भाग वाचताना आजही अस्वस्थ वाटते. पण तो गाळून हे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्यांचा निर्णायक युक्तिवाद मात्र साध्या गुणाकाराचा होता, आणि माझ्या मते तोच त्यांच्या बुद्धीचा खरा अलंकार आहे. मृत माणसाच्या डाव्या निलयात दोन औंसांहून अधिक रक्त मावते असे त्यांना आढळले होते. प्रत्येक ठोक्याला त्यातील अवघे अर्धा औंस बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजार ठोके मोजले, तरी पाचशे औंस होतात. आजच्या मापाने हे जवळजवळ पंधरा किलो रक्त झाले. एवढे रक्त तर सबंध शरीरातही नसते. मग दर अर्ध्या तासाला ते अन्नातून नव्याने तयार होणार कसे? आणि होत असेल, तर ते जाते कोठे? उत्तर एकच उरते. तेच रक्त पुन्हा पुन्हा हृदयाकडे परत येते. हार्वे यांनी मुद्दाम कमी आकडे घेतले होते. विश्रांतीच्या वेळी प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लीटर रक्त हृदय पुढे ढकलते, हे आज आपल्याला माहीत आहे. शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असते.

रक्त परतते कोठून, याचा पुरावा त्यांनी माणसाच्या हातावरच दाखवला. कोपराच्या वर दंडाला पट्टी करकचून आवळली की मनगटाची नाडी बंद पडते आणि हात गार पडू लागतो. पट्टी थोडी सैल केली की खोलवरच्या रोहिणीतून रक्त आत येते, परंतु वरवर असलेल्या नीलांतून परत जाऊ शकत नाही. मग हात लालसर होऊन फुगतो आणि नीला टरारून उठतात. त्या नीलांवर मधूनमधून गाठी दिसतात. त्याच झडपांच्या जागा. अशा एका गाठीच्या खाली नीला एका बोटाने दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तेथून वरच्या दिशेने गाठीपलीकडे रक्त निपटून न्यावे. मधला भाग रिकामाच राहतो. वरून कितीही ढकलले तरी रक्त खाली उतरत नाही. खालचे बोट उचलताच तो भाग क्षणात भरतो. गुरूंनी ज्यांना बांध म्हटले, ते खरे तर हृदयाच्या दिशेनेच उघडणारे दरवाजे होते.

उजव्या निलयातून रक्त फुफ्फुसांत जाते, तेथून डाव्या अलिंदात व डाव्या निलयात येते, महारोहिणीवाटे शरीरभर फिरते आणि नीलांवाटे पुन्हा उजव्या बाजूस पोहोचते. हे चक्र त्यांनी १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या ७२ पानांच्या लॅटिन पुस्तकात मांडले. पुस्तक मुद्रणदोषांनी भरलेले होते. आशय मात्र निर्दोष नसला तरी अढळ होता. फुफ्फुसांत रक्ताचे नेमके काय होते, हे हार्वे यांना उमगले नव्हते. प्राणवायूचा शोध लागायला अजून दीडशे वर्षे अवकाश होता.

गेलेनला खोटे पाडणाऱ्या वैद्याचे स्वागत कसे होणार, हे सांगावयास नको. लोक त्यांना चक्रम म्हणू लागले आणि त्यांच्याकडे येणारे रुग्ण कमी झाले, असे त्यांचा परिचित चरित्रकार ऑब्री सांगतो. पॅरिसचे रिओलां यांच्यासारखे नामवंत विरोधात उभे राहिले. हार्वे वीस वर्षे बहुतांशी गप्प राहिले आणि १६४९ मध्ये त्यांनी रिओलांना सविस्तर उत्तर दिले.

ते राजवैद्य होते. चार्ल्स राजाच्या आज्ञेवरून १६३४ मध्ये त्यांनी जादूटोण्याच्या आरोपाखाली लँकेशायरहून आणलेल्या स्त्रियांच्या तपासणीची जबाबदारी घेतली. त्यांच्या देखरेखीखाली शल्यवैद्य व सुइणींनी तपासणी केली आणि अंगावर अनैसर्गिक असे काहीही नसल्याचा अहवाल गेला. दुसरा प्रसंग आयर्लंडमधील एका उमराव तरुणाचा. लहानपणी पडल्यामुळे त्याच्या छातीला भोक पडले होते आणि त्यातून आतली धडधड दिसे. हार्वे त्याला राजाकडे घेऊन गेले. दोघांनीही त्या जिवंत हृदयाला बोट लावले आणि तरुणाला त्या स्पर्शाची जाणीवही झाली नाही!

यादवी युद्धात ही राजनिष्ठा त्यांना महागात पडली. १६४२ मध्ये एजहिलच्या लढाईच्या दिवशी दोघा राजपुत्रांना सांभाळत ते कुंपणाच्या आडोशाला पुस्तक वाचत बसले होते, असे सांगतात. त्याच वर्षी पार्लमेंटच्या सैनिकांनी लंडनमधील त्यांचे निवासस्थान लुटले. कीटकांच्या उत्पत्तीवरील अनेक वर्षांची टिपणे त्यात नष्ट झाली. लुटलेल्या सामानापेक्षा त्या कागदांचे दुःख त्यांना अखेरपर्यंत सलत राहिले. पत्नी एलिझाबेथ यांचेही पुढे निधन झाले, मूलबाळ नव्हते. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी वैद्यांच्या महाविद्यालयाला दिला.

३ जून १६५७ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची वाचा गेली आणि त्याच दिवशी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एसेक्समधील हेम्पस्टेड येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या सिद्धांतातील एक दुवा तोवर अपुराच होता. रोहिणीच्या टोकाकडून रक्त नीलेत शिरते कसे, हे त्यांना डोळ्यांनी कधीच पाहता आले नाही. ते होत असलेच पाहिजे, एवढे तर्काने त्यांनी ठामपणे सांगितले होते. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीत मार्चेल्लो मालपिघी यांनी बेडकाचे फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि रोहिण्यांना नीलांशी जोडणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळे त्यांना दिसले.