कांद्यावर आलेला आळ

ड्वाइट आयसेनहॉवर यांचे नाव निघाले की बहुतेकांना ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजा आठवतात. मला मात्र आठवतो एक कच्चा कांदा.

१८९० साली टेक्सासमध्ये जन्मलेला, कॅन्ससमधल्या एका साध्या घरात वाढलेला हा मुलगा दोस्तांच्या फौजांचा सरसेनापती झाला आणि १९५३ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष. दिवसाला चार-चार पाकिटे सिगारेटी ओढण्याचे व्यसन त्यांनी १९४९ मध्ये एका झटक्यात सोडले. तापट स्वभाव मात्र सुटला नाही.

२३ सप्टेंबर १९५५. सुटीसाठी ते डेन्व्हरला, सासुरवाडीला आले होते. गोल्फ खेळताना सारखी फोनची बोलावणी येत होती, त्यामुळे ते चिडले होते. दुपारी हॅम्बर्गरबरोबर कच्चा कांदा खाल्ला. मग पोटात अस्वस्थ वाटू लागले, त्याचे खापर कांद्यावर फुटले. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. पत्नी मेमी यांनी आधी पोटाचे औषध दिले, मग डॉक्टरांना बोलावले. सकाळी जगाला सांगण्यात आले ते अपचनच! दुपारी कार्डिओग्राम काढला, तेव्हा हृदयविकाराचा झटका जाहीर झाला.

हे वाचताना मला आपलीच घरे दिसतात. 'पित्त झालंय', 'गॅस धरलाय' म्हणत आपण ओवा चावतो, सोडा पितो आणि सकाळची वाट पाहतो. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, कळ हातात, पाठीत, मानेत वा जबड्यात जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही धोक्याची लक्षणे आहेत. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसे न दुखताही नुसता थकवा किंवा धाप एवढेच दिसू शकते. अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आयसेनहॉवर वाचले. सुमारे सात आठवडे रुग्णालयात काढून ते कामावर परतले, १९५६ मध्ये पुन्हा निवडून आले आणि डिसेंबर १९५९ मध्ये भारतातही येऊन गेले. पुढेही हृदयाने त्यांना वारंवार छळले. १९६९ मध्ये त्यातच ते गेले.

त्या काळी डॉक्टरांच्या हाती विश्रांती आणि मोजकी औषधे, एवढेच होते. आज बंद पडलेली रक्तवाहिनी उघडता येते, पण वेळेत पोचलेल्याचीच. अपचन निघाले तर हसत घरी परतावे; त्यात कसली लाज?