ऑस्कर बार्नाक : खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचे जनक

जगात राजे, सेनानी, कवी आणि संत ह्यांची चरित्रे जितक्या आवडीने सांगितली जातात, तितक्या आवडीने कारागिरांची चरित्रे सांगितली जात नाहीत. कारागिराचे काम लोकांच्या हाती राहते आणि त्याचे नाव मात्र मागे पडते. छायाचित्रणाची कला जडशीळ पेटीतून सोडवून ज्यांनी ती माणसाच्या खिशात आणून ठेवली, ते जर्मन यंत्रकार ऑस्कर बार्नाक हे अशाच कारागिरांपैकी एक होत. आज घराघरांत छायाचित्रे काढली जातात. परंतु ह्या सोयीच्या मुळाशी एका दमेकरी माणसाची चिकाटी आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून त्यांच्या जीवनाचा परिचय आमच्या विद्यार्थी मित्रांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

बार्नाक ह्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतात, लिनो नावाच्या लहानशा खेड्यात झाला. बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्ड येथे, आकाशनिरीक्षणाची उपकरणे बनविणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. ग्रहताऱ्यांचा वेध घेणाऱ्या यंत्रात केसाएवढी चूकही खपत नाही. हाताला ही शिस्त लागली ती तेथेच. पुढे त्या काळच्या जर्मन कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे ते गावोगावी काम करीत हिंडले आणि १९०२ साली येना येथील कार्ल झाइस ह्या विख्यात भिंगांच्या कारखान्यात रुजू झाले.

येना हे गाव वनराईने वेढलेले आहे. सुटीच्या दिवशी रानावनांत भटकावे व तेथील दृश्ये टिपावीत, हा बार्नाक ह्यांचा छंद होता. परंतु त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे एक ओझेच वाहणे असे. तेरा सेंटिमीटर रुंद व अठरा सेंटिमीटर लांब अशा काचा, त्या बसविण्याच्या चौकटी, भात्याचा मोठा कॅमेरा आणि वर लाकडी तिवई, एवढा सरंजाम पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागे. धडधाकट माणसाची जेथे दमछाक व्हावी, तेथे दम्याच्या विकाराने जर्जर झालेल्या बार्नाक ह्यांची काय कथा! एखादा मनुष्य छंद सोडून स्वस्थ बसला असता. बार्नाक ह्यांनी छंद सोडला नाही. ओझे कसे सुटेल, ह्याचा विचार मात्र ते करू लागले.

सुमारे १९०५ साली त्यांनी पहिला प्रयोग केला. एकाच मोठ्या काचेवर अनेक लहान लहान चित्रे घ्यावीत व ती मागाहून मोठी करावीत, अशी त्यांची कल्पना होती. परंतु त्या काचांवरील रसायनाचा कण जाड असल्याने लहान चित्र मोठे करताच ते भरड दिसू लागे. प्रयोग फसला, तथापि चित्र टिपावे लहान आणि पाहावे मोठे, हे सूत्र त्यांच्या मनात पक्के झाले.

१९११ सालच्या जानेवारीत बार्नाक हे व्हेट्स्लार येथील एर्न्स्ट लाइट्स ह्यांच्या कारखान्यात आले. तेथे काम करणारे त्यांचे मित्र एमिल मेखाऊ ह्यांनी त्यांची शिफारस केली होती. हा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध होता. तेथे प्रयोगविभागाची जबाबदारी बार्नाक ह्यांच्याकडे आली आणि चलच्चित्राचा कॅमेरा बनविण्याच्या निमित्ताने सिनेमाची फिल्म त्यांच्या हाती पडली. ही फिल्म पस्तीस मिलिमीटर रुंद असून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. सिनेमात ती उभी सरकते व तिच्यावर अठरा गुणिले चोवीस मिलिमीटरचे चित्र उमटते. बार्नाक ह्यांनी ती आडवी सरकविली आणि दोन चित्रांची जागा एकास दिली. चोवीस गुणिले छत्तीस मिलिमीटरचे जे माप त्यातून सिद्ध झाले, तेच आजही उत्तम प्रतीच्या कॅमेऱ्यांत कायम आहे. १९१३-१४ च्या सुमारास, ह्या फिल्मवर चालणारा तळहातावर मावेल असा धातूचा कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविला.

आपल्या सदलग्याहून फार दूर नसलेल्या कोल्हापुरातही त्याच दशकात असाच एक खटाटोप चालू होता. कलामहर्षी बाबूराव पेंटर ह्यांनी विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. व्हेट्स्लार आणि कोल्हापूर ह्यांची एकमेकांस ओळख नव्हती. परंतु हवे ते यंत्र मिळत नसेल तर ते आपण करावे, ही कारागिराची जिद्द दोन्हीकडे सारखीच होती.

बार्नाक ह्यांचे यंत्र तयार झाले आणि १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. कारखान्याचे लक्ष दुसरीकडे वळले व तो चिमुकला कॅमेरा बाजूस पडला. तरी बार्नाक तो जवळ बाळगून चित्रे घेतच राहिले. १९२० साली लान नदीला पूर येऊन व्हेट्स्लारच्या गल्ल्यांत पाणी शिरले, तेव्हा त्यांनी त्या पुराची चित्रे टिपली. दूधगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस पूर म्हणजे काय, हे सांगावयास नको. पाणी चढू लागले की तिवई रोवून काच बसवीत बसण्यास सवड कोठली? अशा वेळी हाती असलेला लहान कॅमेराच कामी येतो. एखाद्या घटनेची ओळीने चित्रे घेऊन तिची हकीकत सांगण्याचा हा ह्या जातीच्या कॅमेऱ्याचा एक आद्य प्रयत्न मानला जातो.

येथे एक मोठी अडचण होती. पूर्वीच्या तेरा गुणिले अठरा सेंटिमीटरच्या काचेशी तुलना केली, तर नव्या चित्राचे क्षेत्रफळ सत्तावीस पटींनी लहान होते. इतके लहान चित्र मोठे करावयाचे म्हणजे त्यातील रेघ न् रेघ मुळातच रेखीव हवी. तसे भिंग मिळाले नाही, तर सारा कॅमेरा खेळण्यासारखा ठरणार होता. लाइट्स कारखान्यातील गणिती माक्स बेरेक ह्यांनी हे काम अंगावर घेतले. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे जे भिंग त्यांनी सिद्ध केले, त्याचाच चार काचांचा प्रकार पुढे ‘एल्मार’ ह्या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्याच्या मागील दोन काचा एकमेकींस चिकटविलेल्या असत.

काचा बेरेक ह्यांच्या. परंतु त्या ज्या नळीत बसविल्या तिची युक्ती विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून त्याच्या नाभीय अंतरावर पडते, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. म्हणजे ५० मिलिमीटरचे भिंग फिल्मपासून सुमारे तेवढ्याच अंतरावर राहिले पाहिजे. मग कॅमेऱ्याला पुढे नाक फुटणार आणि तो खिशात अडणार! ही अडचण टाळण्यासाठी पूर्वीच्या कॅमेऱ्यांना कातड्याचा वा कापडाचा भाता लावीत. परंतु भाता फाटे आणि डळमळे. नव्या कॅमेऱ्यात ह्यावर निराळाच तोडगा निघाला. भिंग आणि फिल्म ह्यांच्या मध्ये कॅमेऱ्याच्या पोटात काही पोकळी असतेच. चित्र घ्यावयाचे नसेल तेव्हा भिंगाची धातूची नळी त्याच पोकळीत ढकलून द्यावयाची आणि चित्र घ्यावयाचे असेल तेव्हा ती बाहेर ओढून, किंचित फिरवून पक्की करावयाची. नळी आत गेली की कॅमेरा चपटा होऊन कोटाच्या खिशात सहज उतरे. भिंगासकट त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आत होते. जे यंत्र पूर्वी पाठीवर बसून येई, ते आता खिशात बसून येऊ लागले.

तथापि यंत्र चांगले असले म्हणून ते बाजारात येतेच असे नाही. १९२३ साली जर्मनीत महागाईचा कहर झाला व चलन कवडीमोल झाले. सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्याने अशा काळात अनोळखी वस्तूच्या मागे पैसा लावावा काय, हा प्रश्न साधा नव्हता. कारण त्यावर कामगारांची पोटे अवलंबून होती. नमुन्यादाखल पंचवीस-तीस कॅमेरे बनवून ते जाणकारांस दाखविले, तेव्हा त्यांतही दुमत झाले. अखेर १९२४ साली कारखान्याचे मालक दुसरे एर्न्स्ट लाइट्स ह्यांनी बार्नाक ह्यांचा कॅमेरा बनविण्याचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. १९२५ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. लाइट्स आणि कॅमेरा ह्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून त्याचे नाव पडले ‘लाइका’.

बार्नाक ह्यांचे काम येथे थांबले नाही. १९३० साली भिंगे बदलता येण्याची सोय झाली आणि १९३२ साली कॅमेऱ्यातच अंतरमापक बसविण्यात आला. ह्या अंतरमापकात दोन झरोक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकत्र दिसतात. भिंगाचे कडे फिरवीत गेले की त्या जवळ येतात, आणि त्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या की त्या वस्तूपुरते भिंग जुळले असे समजावे.

मिटणाऱ्या भिंगाचा आणि ह्या जातीच्या कॅमेऱ्याचा मेळ इतका उत्तम का बसला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. भिंगातूनच दृश्य पाहण्याच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे आरसा असतो. तेथे नळीला मागे सरकण्यास वाव नसतो. अंतरमापकाच्या कॅमेऱ्यात आरसा नसल्याने जागा मोकळी मिळते. परंतु ह्याच गुणात एक खोडही दडलेली आहे. नळी बाहेर ओढावयास विसरले, तरी दृश्य स्वच्छच दिसते आणि अंतरमापकातील प्रतिमाही जुळतात. कारण डोळा भिंगातून पाहतच नसतो. फिल्म धुतल्यावर मात्र सारी चित्रे धूसर निघतात! म्हणून कॅमेरा हाती घेतला की प्रथम नळी ओढावी, फिरवावी, पक्की झाली की नाही हे चाचपावे, मगच डोळा लावावा, अशी सवय बाणवावी लागे. यंत्राने ओझे हलके केले, परंतु सावधपणातून सुटका दिली नाही.

ह्या लहान कॅमेऱ्याने छायाचित्रणाची रीतच पालटली. पूर्वी माणसे कॅमेऱ्यापुढे येऊन ताठ बसत. आता कॅमेराच माणसांमध्ये जाऊन मिसळला. फ्रान्सचे विख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांनी १९३२ च्या सुमारास लाइका हाती घेतला. ३० जानेवारी १९४८ रोजी ते दिल्लीत महात्मा गांधींना भेटले होते. त्यानंतर काही तासांतच गांधीजींची हत्या झाली. आणि त्या शोकाकुल राजधानीची व अंत्ययात्रेची जी चित्रे त्यांनी टिपली, ती आपल्या राष्ट्राच्या इतिहासाचा ठेवा होऊन राहिली आहेत. सोव्हिएत संघातील युक्रेनमध्ये तर खारकॉव्ह येथे, थोर शिक्षणतज्ज्ञ माकारेंको ज्या वसाहतीत काम करीत, तेथील अनाथ मुलांनी १९३४ पासून लाइकाच्या बेताचे ‘फेद’ नावाचे कॅमेरे बनविले. त्यांचे भिंगही असेच मिटणारे होते. शाळकरी वयाच्या हातांनी इतके नाजूक काम साधले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस उत्साह देणारी आहे.

१६ जानेवारी १९३६ रोजी बाद नाउहाइम येथे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बार्नाक निवर्तले. शेवटपर्यंत ते कारखान्याचे नोकरच होते. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९७९ साली त्यांच्या नावे छायाचित्रकारांसाठी पुरस्कार सुरू झाला. नमुन्याच्या कॅमेऱ्यांपैकी १०५ क्रमांकाचा कॅमेरा त्यांनी स्वतः वापरलेला होता व त्यावर त्यांचे नाव कोरलेले आहे. २०२२ साली व्हेट्स्लार येथील लिलावात त्याला एक कोट चव्वेचाळीस लाख युरो इतकी किंमत आली. काळ बदलला, फिल्म मागे पडली. तरीही मिटणाऱ्या भिंगांचे चाहते आजही आहेत, आणि बटण दाबताच नाक आत ओढून घेणारे छोटे कॅमेरे त्याच जुन्या युक्तीवर चालतात.

बार्नाक ह्यांच्या चरित्रातून आम्हांला जो बोध होतो, तो एवढाच. प्रकृतीची उणीव हा त्यांना शाप वाटला नाही. त्यांनी तिलाच गुरू केले. आपल्याला जे ओझे पेलवत नाही, ते इतरांनाही जड होत असेल, हे त्यांनी ओळखले आणि सर्वांचेच ओझे उतरविले. ज्या पोकळीकडे कोणी पाहिले नसते, तिचाही उपयोग करून घेतला. आज आपल्या हाती असलेल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आयता मिळतो. त्याने चित्र घेताना त्यामागे किती जणांचे किती वर्षांचे श्रम आहेत, ह्याचे स्मरण असावे. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास एखादी अडचण वारंवार टोचत असेल, तर त्याने तिच्यावर रुसून न बसता हाती अवजार घ्यावे. सदलग्याच्या शाळेतूनही उद्या एखादा बार्नाक का निपजू नये?