हरणांचे रान जाणणारा शिकारी : आल्डो लिओपोल्ड

शिकारी म्हणजे हरणांचा वैरी, असे आपण समजतो. आल्डो लिओपोल्ड यांचे जीवन या समजुतीला धक्का देते. त्यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. येल येथे वनशास्त्र शिकून १९०९ साली ते वनखात्यात रुजू झाले. लांडगे मारले की हरणे वाढतील, असे तेव्हा त्यांचेही मत होते. लांडगे गेले, हरणे वाढली. पण त्यांनी पालापाचोळा ओरबाडून खाल्ला आणि शेवटी ती उपाशी मेली. आमच्या घरी गुरे आहेत. चारा सरला की जनावर झाडाची सालही सोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

१९३३ साली त्यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ निघाला. ज्या कुऱ्हाडीने रान उजाड होते, तीच विचाराने चालविली तर रान सुधारते, हा त्याचा गाभा. १९३५ साली जर्मनीत त्यांनी ओळीने लावलेली स्प्रूसची दाट बने पाहिली. खाली ऊन नाही, म्हणून झुडपे नाहीत. हरणांना वैरण घालावी लागे. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये पडीक शेत घेऊन त्यांनी सहकुटुंब झाडे लावली. पुढे राज्याच्या संवर्धन आयोगावर असताना, कळप आवरण्यासाठी माद्यांचीही शिकार व्हावी, असे त्यांनी सांगितले व लोकांचा रोष पत्करला.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानातील आग विझविताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. जनावरावर माया करायची तर आधी त्याच्या चाऱ्याची काळजी वाहावी, हेच मी त्यांच्यापासून शिकलो.