पोथीतलं गाळलेलं चित्र

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा मला नववीतलं माझं भाषणच आठवलं. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते आठवत असेल, कारण पाठ करताना मी तुमचे कान किटवले होते. विषय होता पंडिता रमाबाई. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा एक पेला. पण त्या भाषणात मी एक लबाडी केली होती.

आपण पिंगुळीची मुलं चित्रकथी बघत वाढलो. ठाकर मंडळी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गात कथा सांगतात. मधलंच चित्र काढून ठेवलं तर पुढची कथा लागत नाही. मी तेच केलं. रमाबाईंचं पांडित्य सांगितलं, शारदा सदन सांगितलं आणि त्या ख्रिस्ती झाल्या हे गाळलं. गाळ म्हणून सरांनी सांगितलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. टाळ्या कमी पडतील असं माझं मलाच वाटलं. माझ्या बाकावरची मैत्रीण दर रविवारी प्रार्थनेला जाणारी. घरी जाताना तिने एवढंच विचारलं, की रमाबाईंचा देव कुठे गेला? मला उत्तर देता आलं नाही. आज देते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. तीर्थयात्रा आणि पुराणं सांगण्यात कुटुंबाचं आयुष्य गेलं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा झाली आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवराही गेला. पुण्यातला आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, हे सगळं माझ्या भाषणात होतं.

गाळलेलं चित्र इथून पुढचं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक काम होतं. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांना त्या तिथे सांभाळत. ज्यांच्या सावलीलाही आपल्याकडे कुणी उभं राहिलं नसतं, त्यांची इतकी माया कोण करतं आणि का, हा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे बाई वाद घालायच्या थांबल्या असं नाही. बायबलात जे सापडत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असं बिशपांनी सुचवलं, तेव्हाही त्यांनी तो अपमान ऐकून घेतला नाही. पांढरं लुगडं आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. शास्त्र्यांचं ऐकलं नाही, बिशपांचंही नाही. मग ही बाई आज्ञाधारक कशी? मला हे समजायला बरीच वर्षं लागली. आज्ञा पाळणं म्हणजे मान खाली घालणं असंच आपण शाळेत शिकलो होतो, क्षमा करा गुरुजनहो. त्यांना मात्र ज्याने आपल्यावर प्रेम केलं त्याचं ऐकायचं होतं, आणि ते रोज.

बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षांनी त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटल्यावर मग कामच काम.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं. तिथे आलेली पहिली विधवा आपल्या कोकणातली, देवरुखची गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून ती आनंदीबाई कर्वे झाली. सदन पुण्याला हलल्यावर १८९३ साली वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर भागलं असतं. त्यांनी लावलं नाही. मुलींच्या घरच्यांना दगा दिल्यासारखं वाटलं असेल, हेही मला खोटं वाटत नाही. पण कुणी यावं म्हणून त्यांनी सक्ती केली नव्हती.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावला माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. विणकाम, शेती, गुरं, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. आणि कृपा सदन, फुलहॅमला पाहिलं होतं तसंच. पदव्या मिळवणारी विदुषी आता दळण, पाणी आणि खरूज यांचे हिशेब बघत होती.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते बायबलचं भाषांतर. आधीचं मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षं ओळ न् ओळ सोप्या मराठीत आणली. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्यांच्याच मुली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. हाताशी आलेली, संस्था सांभाळणारी एकुलती एक लेक. त्या परत मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.

लेकीच्या मृत्यूनंतरच्या त्या सकाळी त्यांनी मुद्रिताचा कागद पुढे कसा ओढला असेल, हे मी पुणे-सोलापूर गाडीतून केडगाव स्टेशन जाताना प्रत्येक वेळी मनात आणायचा प्रयत्न करते. जमत नाही.

पेला अजून घरी आहे, बुडाला थोडा पोचलाय. संमेलनाला येताना तो घेऊन येणार आहे. माझ्या बाकावरची मैत्रीण येणार असेल तर कुणीतरी मला आधी कळवा.