काला-आजाराचा वैरी : डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

विद्यार्थी मित्रांनो, 'आजार' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत त्याचा अर्थ दुःख किंवा त्रास. मराठीत त्याचा अर्थ रोग. दोन्ही भाषांत तो फारसीतून आला. याच शब्दावरून एका भयंकर रोगाचे नाव पडले आहे : काला-आजार. या रोगात महिनोन्महिने ताप येतो, प्लीहा सुजून पोट मोठे होते, अंगातले रक्त कमी होते आणि कातडी काळवंडते. एके काळी आसाम, बंगाल आणि बिहारमध्ये या रोगाने गावेच्या गावे ओस पडत. औषध न मिळालेला रोगी क्वचितच वाचत असे.

या रोगावर औषध शोधणाऱ्या भारतीय डॉक्टरांची ही गोष्ट आहे.

उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ साली झाला. त्यांचे वडील जमालपूर येथे रेल्वेत डॉक्टर होते. उपेंद्रनाथ हुगळीच्या मोहसीन कॉलेजात शिकले. हाजी मुहंमद मोहसीन या दानशूर माणसाने वक्फ केलेल्या संपत्तीतून हे कॉलेज उभे राहिले होते. पुढे कलकत्त्यात त्यांनी रसायनशास्त्राची एम. ए. पदवी घेतली, मग वैद्यकशास्त्राच्या पदव्याही मिळवल्या. रसायन आणि वैद्यक या दोन विद्या एकाच माणसाजवळ आल्या. पुढे याच जोडीने लाखो जीव वाचवले.

१९०३ साली लिशमन व डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी काला-आजाराचा सूक्ष्म परजीवी शोधून काढला. शत्रू दिसला, पण त्याला मारायचे कसे? अँटिमनी नावाच्या धातूसारख्या मूलद्रव्याचा एक क्षार तेव्हा वापरला जाऊ लागला. तुम्ही सुरमा पाहिला असेलच. पूर्वी सुरमा ज्या खनिजापासून करत, त्यात हे अँटिमनी असते. त्या क्षाराने परजीवी मरत, पण रोग्यालाही फार त्रास होई. उपचार कित्येक आठवडे चाले आणि काही रोगी औषधानेच दगावत.

उपेंद्रनाथांनी विचार केला, की विषारी पदार्थ दुसऱ्या पदार्थाशी जोडला तर त्याचा स्वभाव बदलतो. मग अँटिमनीला योग्य जोडीदार दिला, तर ते परजीवीला मारील आणि माणसाला सांभाळील. कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयात त्यांना एक लहानशी खोली मिळाली होती. तेथे गॅस नव्हता, नळ नव्हता, विजेचा दिवा नव्हता. दिवसभर रोगी तपासावेत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम होता. एकामागून एक संयुगे त्यांनी तयार केली. अखेर अँटिमनीच्या एका सेंद्रिय संयुगाला त्यांनी युरियाची जोड दिली आणि 'युरिया स्टिबामाइन' हे औषध हाती आले. १९२२ साली त्यांनी रोग्यांवरील परिणाम प्रसिद्ध केले. आता थोड्याच आठवड्यांत रोगी बरे होऊ लागले. आसामात हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ज्या घरांत रडणे ऐकू येई, तेथे बरे झालेली माणसे परत येऊ लागली.

१९३४ साली सरकारने त्यांना 'सर' ही पदवी दिली. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे अनेक ठिकाणी परजीवी अँटिमनीला दाद देईनासे झाले. म्हणून आज भारतात या रोगावर दुसरी औषधे देतात. सँडफ्लाय ही बारीक माशी हा रोग पसरवते. म्हणून घर आणि गोठा स्वच्छ ठेवणे हाही एक उपचारच आहे.

मित्रांनो, प्रयोगशाळेत साधने कमी आहेत, असे तुम्हांला कधी वाटले, तर ती कंदिलाची खोली आठवा. तेथे साधने थोडी होती, पण रोग्यांविषयीची कळकळ फार मोठी होती.